कोंडलेलं नाक, उकळलेलं पाणी

पत्र : डॉक्टर, नमस्कार. मी ३६ वर्षांची, नाशिक जिल्ह्यातल्या एका गावात प्राथमिक शिक्षिका आहे. दर वर्षी पाऊस ओसरला की माझा सायनस सुरू होतो. आज सर्दीचा आठवा दिवस. नाक चोंदलंय, गालाची हाडं ठणकतात, वह्या तपासायला खाली वाकलं की डोकं जड होतं. आधी नाकातून पाणी गळत होतं, आता हिरवट-पिवळा शेंबूड येतोय. ताप नाही. सासूबाई रोज ओव्याच्या पुरचुंडीनं शेकतात, कपाळाला सुंठ लावतात. आता लसूण कडवलेलं तेल नाकात सोडू म्हणताहेत. ह्यांचं म्हणणं, मेडिकलमधून तीन गोळ्यांचा कोर्स आण आणि विषय संपव. योगवर्गातली मैत्रीण म्हणते जलनेती कर. मला गोळ्या नकोत. मुळापासून बरं होईल असा घरगुती उपाय सांगा. चार वर्षांच्या मुलालाही सर्दी आहे, माझ्यासोबत त्याला वाफ दिली तर चालेल ना? आणखी एक. पाळीच्या आधी एक-दोन दिवस माझं अर्धं डोकं ठणकतं, मळमळतं, उजेड नकोसा होतो. तेही सायनसचंच ना?

उत्तर :

ताई, आधी त्या हिरव्या रंगाची भीती मनातून काढून टाकू. शेंबूड हिरवा झाला म्हणजे आत जंतूंनी घर केलं आणि आता अँटिबायोटिकशिवाय सुटका नाही, ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे की पेशंट मला रुमाल उघडून दाखवतात. तो रंग तुमच्याच पांढऱ्या पेशींचा आहे. सर्दीच्या विषाणूशी लढायला त्या नाकात गोळा होतात. त्यांच्यात हिरवट रंगाचं एक विकर (एन्झाइम) असतं, आणि त्या मेल्या की तो रंग शेंबडात उतरतो. साध्या सर्दीतसुद्धा चौथ्या-पाचव्या दिवशी हे बऱ्याचदा होतं. सकाळी उठल्यावर जास्त गडद दिसतो, कारण तो रात्रभर साचलेला असतो. शंभर सर्द्या झाल्या तर त्यातल्या जेमतेम एक-दोनांत पुढे जंतूंचा संसर्ग होतो. बाकीच्या विषाणूच्याच असतात आणि साधारण आठ-दहा दिवसांत उतरणीला लागतात. तुमचा आज आठवा दिवस आहे आणि ताप नाही, म्हणजे अजून तरी गाडी रुळावर आहे.

घरच्या उपायांपैकी कुठला कामाचा आणि कुठला नुसता मनाच्या समाधानाचा, हे कळायचं तर सायनस म्हणजे काय ते एकदा डोळ्यांसमोर आणा. तो आजार नाही, ती आपल्या चेहऱ्याच्या हाडांतली पोकळी आहे. गालांच्या हाडांत दोन, कपाळात दोन, डोळ्यांच्या मधे नाकाच्या मुळाशी मधमाशीच्या पोळ्यासारखे बारीक कप्पे, आणि मागे खोलवर आणखी दोन. प्रत्येक पोकळीला आतून ओलं अस्तर असतं आणि नाकात उघडणारं एक छोटंसं भोक असतं. गालातल्या सायनसची अडचण खरी इथे आहे. मोरीचं भोक तळाला असतं, म्हणून पाणी आपोआप निघून जातं. गालातल्या पोकळीचं भोक मात्र वर, जवळजवळ छताशी असतं. आतला चिकट द्राव त्या भोकापर्यंत चढवायचं काम अस्तरावरचे सूक्ष्म केस दिवसरात्र करतात, शेतात वाऱ्यानं पीक लवावं तसे एकाच दिशेला लवून. सर्दी झाली की अस्तर सुजतं, भोक बंद होतं, केस मंदावतात, द्राव घट्ट होतो आणि आतल्या आत कोंडतो. खाली वाकलं की दाब वाढतो. वह्या तपासताना तुमचं डोकं जड होतं ते यामुळे.

म्हणजे घरच्या उपायांनी करायचं काय? ती वाट मोकळी ठेवायची, द्राव पातळ करायचा, सूज उतरेपर्यंत दुखणं सुसह्य करायचं. जंतू मारणं हे काही ओव्याचं, हळदीचं किंवा वाफेचं काम नाही, आणि बहुतेक वेळा त्याची गरजही नसते. वाट मोकळी असली की शरीर आपलं काम करतं.

या कसोटीवर तुमच्या मैत्रिणीचं म्हणणं सगळ्यात वर ठेवीन. जलनेती, म्हणजे मिठाच्या कोमट पाण्यानं नाक धुणं. हठयोगातल्या सहा शुद्धिक्रियांपैकी नेती ही एक. आज जगभरातले कान-नाक-घसा तज्ज्ञही वारंवार सायनसचा त्रास होणाऱ्यांना हेच सांगतात. इंग्लंडमध्ये नेहमी सायनसनं हैराण असलेल्या साडेआठशेहून जास्त लोकांवर एक चाचणी झाली होती, तिचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. नाक धुणाऱ्यांना फरक पडला, थोडाच, पण सहा महिन्यांनंतरही टिकलेला. नुसती वाफ घेणाऱ्यांची डोकेदुखी तेवढी कमी झाली, बाकी त्रासात फारसा फरक दिसला नाही. आपल्या घरांत वाफेला पहिला मान आहे आणि नाक धुण्याची किळस वाटते. हा क्रम उलटा व्हावा असं मला फार वाटतं.

पण मैत्रीण नेतीसाठी पाणी कुठलं वापरते, हे तिला आजच विचारा. जीव वाचवणारी किंवा घालवणारी गोष्ट तीच आहे. नळाचं, विहिरीचं, बोअरचं पाणी नाकात कधीही घालायचं नाही. गोड्या पाण्यात एक अमीबा असू शकतो. तो पोटात गेला तर काही होत नाही, पण नाकात वर गेला तर वासाच्या मज्जातंतूच्या वाटेनं थेट मेंदूत पोहोचतो. हे क्वचित घडतं, पण घडलं तर माणूस बहुधा वाचत नाही. अमेरिकेतल्या लुइझियानामध्ये २०११ साली दोन माणसं अशी दगावली. दोघांनीही नेतीच्या भांड्यात नळाचं पाणी घेतलं होतं. आपल्याकडे केरळात गेल्या काही वर्षांत मेंदूच्या अशा अमीबाजन्य आजाराचे बरेच रुग्ण आढळलेत. म्हणून पाणी खळाखळा उकळायचं. बुडबुडे आल्याबरोबर गॅस बंद करायचा नाही, उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट तसंच उकळू द्यायचं, मी तर तीन मिनिटं सांगते. मग झाकून ठेवून कोमट होऊ द्यायचं. आरओचं किंवा विकतच्या बाटलीतलं पाणी असलं तरी उकळायचंच. उकळलेलं गरम पाणी निवलं नाही म्हणून त्यात नळाचं गार पाणी ओतलं, तर सगळी मेहनत वाया. ही चूक मी स्वतः एका सुशिक्षित घरात पाहिली आहे.

मिठाचं प्रमाणही नीट सांगते, कारण अंदाजानं टाकलं की नाक झोंबतं आणि माणूस दुसऱ्या दिवशी सोडून देतो. अर्ध्या लिटरला सपाट पाऊण छोटा चमचा मीठ. छोटा चमचा म्हणजे औषधाच्या बाटलीसोबत पाच मिलीचा येतो तो. आपल्या रक्तात आणि अश्रूंत असतो साधारण तेवढाच खारटपणा त्यात येतो, म्हणून नाकाला ते पाणी परकं वाटत नाही. साधं पाणी घेतलंत तर पोहताना नाकात पाणी गेल्यावर होते तशी आग होईल. चिमूटभर खायचा सोडा टाकला तर आणखी सौम्य लागतं. मीठ बारीक, स्वच्छ घ्या आणि पूर्ण विरघळू द्या.

आता कृती. बेसिनसमोर उभं राहून पुढे वाका, डोकं एका बाजूला कलवा, तोंड उघडं ठेवा आणि तोंडानंच श्वास घ्या. वरच्या नाकपुडीला नेतीच्या भांड्याची तोटी लावून भांडं हळूच उंच करा. दोन-तीन क्षण काही होत नाही, मग पाणी दुसऱ्या नाकपुडीतून थेंब थेंब आणि नंतर धारेनं येऊ लागतं. घशात उतरलं तर लांबट ‘खss’ म्हणत राहा, घशाची मागची वाट बंद होते. पहिल्यांदा सगळे दचकतात आणि मान वर करतात, आणि तिथेच पाणी चुकीच्या जागी जातं. मान खालीच ठेवा. निम्मं पाणी एका बाजूनं, निम्मं दुसऱ्या बाजूनं. झाल्यावर तसंच वाकून डोकं थोडं इकडे-तिकडे वळवा, राहिलेलं पाणी निथळेल. मग नाक हलकेच शिंकरा, दोन्ही नाकपुड्या मोकळ्या ठेवून. एक बाजू दाबून जोरानं शिंकरलं की तो द्राव उलटा सायनसमध्ये आणि कानाच्या नळीत ढकलला जातो. त्रास आहे तोवर दिवसातून एक-दोनदा पुरे. भांडं रोज उकळत्या पाण्यानं धुऊन कोरडं करा, आणि एकाचं भांडं दुसऱ्यानं वापरू नका. कान दुखत असेल, किंवा नाक इतकं गच्च असेल की पाणी दुसऱ्या बाजूनं येतच नाही, तर जोर करू नका. अशा दिवशी मेडिकलमध्ये मिळणारे नुसत्या मिठाच्या पाण्याचे थेंब किंवा स्प्रे वापरा, किंवा आधी गरम पाण्यानं आंघोळ करा आणि नाक थोडं सुटलं की मग नेती करा.

वाफेबद्दल. घ्या, पण तिच्याकडून थोडंच मागा. घटकाभर बरं वाटतं, डोकं हलकं होतं, इतकंच. विषाणू वाफेनं मरत नाहीत. २०२१ साली करोनाच्या लाटेत लोक दिवसातून आठ-आठ वेळा वाफ घेत होते आणि नाकाचं अस्तर भाजून आमच्याकडे येत होते. पातेलं गॅसवरून उतरवा, जमिनीवर किंवा भक्कम टेबलावर ठेवा, मिनिटभर थांबा, मग टॉवेल पांघरून पाच-सात मिनिटं. तोंड पातेल्यापासून हातभर लांब. ओवा, गवती चहा, पुदिना टाकलात तर वास छान येतो, हरकत नाही. निलगिरीचं तेल मात्र थेंब-दोन थेंबांपलीकडे नको, डोळे चुरचुरतात.

आणि मुलाला वाफ? नाही. अजिबात नाही. तुमच्या शेजारी, तुमच्याच टॉवेलखालीही नाही. मी ३० वर्षं प्रॅक्टिस करते आहे. लहान मुलांच्या भाजण्याच्या ज्या केस मी विसरू शकत नाही, त्यातल्या एकीत आगीचा काही संबंध नव्हता. आई वाफ घेत होती, मूल मांडीवर होतं. त्याला पाण्यात टाकलेली तुळशीची पानं हवी होती. त्यानं हात घातला, पातेलं कलंडलं. दोन्ही मांड्या आणि पोट. तो मुलगा आता कॉलेजात आहे आणि उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो, कारण एक हातही भाजला होता. मुलांच्या सर्दीत वाफेनं असा काही फायदा होत नाही की ज्यासाठी ही जोखीम घ्यावी. त्याला मिठाच्या पाण्याचे थेंब दिवसातून तीन-चार वेळा नाकात घाला, विशेषतः जेवायच्या आणि झोपायच्या आधी. कोमट सूप द्या, डाळीचं पाणी द्या, खोकला असेल तर रात्री अर्धा-एक चमचा मध चाटवा. मध एक वर्षाच्या आतल्या बाळाला कधीही देऊ नये, पण तुमचा मुलगा चार वर्षांचा आहे. कापराची पुडी त्याच्या गळ्यात बांधू नका, उशाशी ठेवू नका. कापूर लहान मुलाच्या पोटात गेला तर झटके येऊ शकतात, आणि चार वर्षांचं मूल हाती येईल ते तोंडात घालतं. त्याच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल, तर ती सर्दी नसून आत चणा, मणी किंवा रबराचा तुकडा अडकलेला असण्याची शक्यता मोठी. तसं असेल तर घरी चिमट्यानं काढायला जाऊ नका, डॉक्टरांकडे न्या.

सासूबाईंच्या पुरचुंडीला माझा मनापासून पाठिंबा आहे. तव्यावर कोरडा ओवा गरम करायचा, सुती फडक्यात बांधायचा, आधी स्वतःच्या मनगटाला लावून पाहायचा आणि मग गालावर, भुवयांच्या वर, नाकाच्या बाजूंना हळूहळू टेकवायचा. त्या उबेनं दुखणं खरंच उतरतं. ओव्यात थायमॉल असतं, त्या वासानं नाक सुटल्यासारखं वाटतं. आणि कुणी आपल्या कपाळाला हात लावून दहा मिनिटं बसतं, याचंही काही मोल आहेच. माझी आजी त्या फडक्याला अशी गाठ मारायची की ओव्याचा एक दाणा बाहेर पडत नसे. सर्दी झाली की अजून मला तोच खरपूस वास आठवतो. फक्त दिवसभर शेकल्यावर त्वचा हुळहुळली असेल तर थांबा.

सुंठेचा लेप म्हणजे सहाणेवर उगाळलेली सुंठ. तिच्या चरचरीनं आतल्या दुखण्यावरून लक्ष हटतं, काही वेळ आराम वाटतो. आतल्या सुजेला त्याचा उपयोग होतो असं मी म्हणणार नाही. नाजूक कातडीवर तासभर राहिला तर फोड येतात. पाच-दहा मिनिटांत पुसून टाका, डोळ्यांजवळ नको. दालचिनीच्या लेपाचंही तेच.

लसणाचं तेल मात्र नाकात घालू नका. सासूबाईंना हे जरा हळुवारपणे सांगावं लागेल, म्हणून कारण देते. लसणाचा रस नाकाच्या अस्तराला जाळतो. जळलेल्या अस्तरातून भरभर पाणी सुटतं, त्याला लोक ‘सगळं बाहेर पडलं’ समजतात. ती दुखापतीची प्रतिक्रिया असते. आणि कुठलंही तेल रोज नाकात सोडत राहिलं की ते श्वासाबरोबर थोडं थोडं फुप्फुसात झिरपतं. तिथे एक वेगळ्याच प्रकारचा न्यूमोनिया होतो, आणि तो साध्या औषधांनी हटत नाही. लहान बाळं आणि म्हातारी माणसं यांना हा धोका जास्त. सासूबाईंना नाकाला तेलच लावायचं असेल, तर नाक कोरडं पडून सोलवटलं असताना करंगळीनं नाकपुडीच्या तोंडाशी तुपाचं बोट फिरवा, एवढंच. आत सोडायचं नाही. सासूबाईंना सांगा, पुरचुंडी तुमची आणि पाणी माझं, दोन्ही चालू ठेवू.

बामविषयी एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. पुदिन्याचा अर्क, म्हणजे मेंथॉल, नाकातल्या गारवा ओळखणाऱ्या तंतूंना जागं करतो. त्यामुळे नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, पण मोजून पाहिलं तर हवेची वाट तेवढीच अरुंद असते. रात्री झोप लागावी म्हणून छातीला, गळ्याला बाम चोळलात तर बरंच आहे. नाकाच्या आत भरू नका.

खाण्यापिण्याचं थोडक्यात. आलं-गवती चहाचा काढा, हळदीचं दूध, कुळथाचं कढण, मिरी घातलेलं टोमॅटोचं सार, जे गरम आणि पातळ आवडेल ते प्या. पाणी पोटात गेलं की द्राव पातळ राहतो, आणि वाटीतून येणाऱ्या वाफेचा फायदा वेगळाच. झणझणीत पिठल्यानं किंवा ठेच्यानं नाक वाहतं, तेही खरं. मिरचीतला तिखट घटक ते करतो, आणि परिणाम जेवणापुरता. दूध-दही-केळ्यानं कफ वाढतो म्हणून जेवण तोडू नका, त्याला पुरावा नाही. दुधानं घशात चिकट वाटतं, पण शेंबूड वाढत नाही. काढ्यात मात्र रोज दहा मिरी, मूठभर लवंगा घालून पोटाची आग करून घेऊ नका. झोपताना दोन उशा घ्या, डोकं उंच राहिलं की रात्रीचं गच्चपण कमी होतं.

आता तुमच्या मालकांच्या तीन गोळ्या. ताई, या एका मुद्द्यावर मी तुमच्या पूर्ण बाजूनं आहे. तीन दिवस रोज एक घ्यायची ती गोळी हे अँटिबायोटिक आहे, विषाणूवर ते काहीही करत नाही. सायनसमध्ये खरोखर जंतुसंसर्ग झाला तरी तज्ज्ञांची पहिली निवड ते नसतं, कारण नेहमीचे जंतू त्याला सरावलेत. चिठ्ठीशिवाय ते विकायला कायद्यानं परवानगी नाही, तरी काउंटरवर चणे-फुटाण्यांसारखं मिळतं. लोकांना गुण येतो तो आठव्या-नवव्या दिवशी सर्दी तशीही उतरतेच म्हणून, आणि श्रेय गोळीला जातं. मग पुढच्या वर्षी पुन्हा तीच. एक दिवस न्यूमोनियासाठी तिची खरी गरज पडते तेव्हा ती चालत नाही. हे मी पाहिलं आहे.

पण ‘मला गोळ्या नकोत’ हे वाक्यही सरसकट धरून बसू नका. दुखणं असह्य झालं तर पॅरासिटामॉल घ्या, त्यात हार नाही. नाक क्षणात मोकळं करणारे थेंब मेडिकलमध्ये मिळतात, ऑक्सिमेटाझोलीन किंवा झायलोमेटाझोलीनचे. ते तीन दिवस, फार तर पाच दिवस. त्यापुढे ओढले की नाक त्याशिवाय उघडतच नाही. दहा-दहा वर्षं खिशात ती बाटली बाळगणारी माणसं आहेत. त्यांचं मूळ दुखणं कधीच गेलेलं असतं, नाक चोंदतं ते थेंबांमुळे.

आता दिवस मोजायचं काम तुमचं. दहा दिवस उलटले आणि तिळमात्र उतार नाही, तर डॉक्टरांकडे जा. सर्दी सुधारत आली होती आणि मधेच पुन्हा ताप, गालदुखी, घट्ट शेंबूड असं उलटलं, तर दहाव्या दिवसाचीही वाट पाहू नका. १०२ च्या वर ताप, चेहरा दुखणं आणि पू, असं सलग तीन-चार दिवस चाललं, तरी तसंच. अशा वेळी डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहून दिलं तर ते पूर्ण घ्या. आणि डोळ्याभोवती सूज किंवा लाली, एकाचे दोन दिसणं, कपाळावर फुगवटा, मान आखडणं, कधी नव्हे एवढी डोकेदुखी, गुंगी किंवा असंबद्ध बडबड, यातलं काहीही दिसलं तर त्याच रात्री मोठं हॉस्पिटल गाठायचं. पुरचुंडी नाही, नेती नाही, सकाळची वाट पाहणं नाही. घरात कुणाला मधुमेह असेल तर आणखी सावध राहा. २०२१ मध्ये महाराष्ट्रानं म्युकरमायकोसिस पाहिला. साखर वाढलेल्या माणसांच्या सायनसमध्ये बुरशी शिरून डोळे गेले, वरचा जबडा काढावा लागला. नाकातून काळपट किंवा रक्ताळ द्राव, एका गालाला बधिरपणा, वरचे दात हलणं, ही त्याची खूण. मधुमेह्यानं यात घरगुती उपाय करत एक दिवसही घालवू नये. आणि दुखणं कायम एकाच बाजूचं असून तोंडाला दुर्गंधी असेल तर वरची दाढ दाखवून घ्या. तिचं मूळ गालातल्या सायनसला अगदी चिकटून असतं, आणि किडलेल्या दाढेचा पू वर सायनसमध्ये शिरतो.

मुळापासून बरं व्हायचं म्हणालात. दर वर्षी पाऊस ओसरला की, असं तुम्ही लिहिलंत, त्यातच मूळ सापडण्यासारखं आहे. दर वर्षी ठरल्या दिवसांतच त्रास होत असेल, तर ॲलर्जीचा संशय घ्यायला हवा. त्या दिवसांत भिंतींना ओल येऊन बुरशी धरलेली असते, गाद्या-रजया दमटलेल्या असतात, दिवाळीची आवराआवर सुरू होते, आणि बांधाबांधावर गाजरगवत फुललेलं असतं. त्याचा पराग नाकाचा वैरी आहे. वर तुमचा खडू. सर्दी नसतानाही सकाळी सलग शिंका येतात का, नाक आणि डोळे खाजतात का, टाळू खाजते का, हे आठवून पाहा. तसं असेल तर अस्तर आधीच सुजलेलं असतं आणि छोट्याशा सर्दीनं भोक बंद होतं. मग काढा कितीही प्यालात तरी पुढच्या वर्षी त्रास येणारच. फळा ओल्या फडक्यानं पुसा, डस्टर मुलांना वर्गात झटकू देऊ नका. माळा साफ करताना तोंडा-नाकाला दुहेरी फडकं बांधा, आणि शक्य असेल तर ते काम दुसऱ्याला द्या. अंथरूण-पांघरूण कडक उन्हात टाका, चादरी-अभ्रे गरम पाण्यानं धुवा. पुढच्या वर्षी पाऊस संपता संपता, त्रास सुरू व्हायच्या आधीच, रोज नाक धुवायला लागा. कान-नाक-घसा तज्ज्ञांना एकदा दाखवा. ते नाकात मारायचा स्टेरॉइडचा स्प्रे देतील कदाचित. नावाला घाबरू नका. त्याचा डोस अगदी थोडा असतो, तो नाकातच काम करतो, सवय लागत नाही, पण गुण यायला एक-दोन आठवडे नियमित घ्यावा लागतो.

शेवटचा प्रश्न तुम्ही ‘आणखी एक’ म्हणून जाता जाता विचारलात. मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटला. पाळीच्या आधी अर्धं डोकं ठणकणं, मळमळ, उजेड नकोसा होणं, याला आपल्या आज्या अर्धशिशी म्हणायच्या. ती सायनस नाही. अर्धशिशीतही कपाळ आणि गाल दुखतात, नाक चोंदतं, डोळ्यांतून पाणी येतं, म्हणून फसायला होतं. ‘मला सायनसची डोकेदुखी आहे’ म्हणून येणाऱ्यांत मोठा वाटा अर्धशिशीचा निघतो. वर्षानुवर्षं वाफा, लेप आणि अँटिबायोटिक घेत बसलेल्या कितीतरी बायका मी पाहिल्या आहेत, आणि त्यांना फक्त योग्य नाव आणि योग्य गोळी हवी होती. घरी करण्यासारखं एवढंच की त्या दिवसांत जेवणाची वेळ चुकवू नका, झोप मोडू नका, दुखायला लागल्यावर अंधाऱ्या खोलीत पडून राहा. आणि स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर पुढचे तीन महिने दोन खुणा करा. पाळी आली त्या दिवशी एक, डोकं ठणकलं त्या दिवशी दुसरी. ठणकलं तेव्हा नाकातून शेंबूड येत होता की नाही, तेही तिथेच लिहा. ती तीन पानं फाडून डॉक्टरांकडे न्या आणि म्हणा, हे बघा.